लॅमिनेट केलेलं काळीज

जे जपायचं ते लॅमिनेट करायचं, हा दयाबाईंचा नियम. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा फोटो, नवऱ्याचा, योसेफचा, रेल्वेचा पास, सगळं त्यांनी दौंडच्या झेरॉक्सवाल्याकडून प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलं होतं. योसेफना पहिला अ‍ॅटॅक आला तेव्हा दौंडच्या डॉक्टरांनी ईसीजीचा कागद हातात देऊन बजावलं, "हा जपून ठेवा." मग काय, बाई निघाल्या तडक झेरॉक्सच्या दुकानात. गरम मशीनमधून कागद बाहेर पडला तो कोळशासारखा काळा! योसेफ पोट धरून हसले होते. "बघ दया, माझं काळीज किती काळं हाय, ते मशीनला बी कळलं."

दयाबाईंनी मात्र तो टाकला नाही. एक्स-रेसुद्धा काळाच असतो की! आपल्याला दिसत नाही म्हणून काय झालं, डॉक्टर उजेडासमोर धरून वाचतीलच.

आज शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टर स्नेहलनं तो खरोखरच उजेडासमोर धरला. सकाळी उपासना संपवून चर्चच्या पायऱ्या उतरताना योसेफ छाती धरून खाली बसले होते. मुलानं, रॉबिननं, गाडीत घालून आणलं, आणि डॉक्टरनं जुना ईसीजी मागताच धावत जाऊन घरून कागदांची पिशवीही आणली.

"मावशी, यात आता काहीच उरलं नाही," स्नेहल म्हणाली. "हा कागद उष्णतेनं काळा पडतो."

"अगं बाई! म्हंजी मीच पुसलं म्हणायचं का सगळं?"

स्नेहलनं आजची पट्टी पुढं केली. "हे खोल खड्डे बघा. मागच्या अ‍ॅटॅकचे असतील, तर एवढी काळजी नाही. आजचे असतील, तर हृदयाचा बराच भाग गेलाय. जुनी पट्टी असती तर लगेच कळलं असतं. आता दुसऱ्या खुणेवर बघू. ही रेघ वर चढून बसलीय ना? गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलंय. दीडेक तासानं परत पट्टी काढते. रेघ निम्म्याहून खाली आली, तर मामा बहुधा सावरतील. नाही आली, तर लगेच पुण्याला हलवायचं. आणि मग काही सांगता येणार नाही."

रॉबिन अँब्युलन्स मागवून दारात उभा राहिला. दयाबाई नवऱ्याच्या पलंगाशी स्टुलावर बसल्या. प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले, तर मन आपलं दौंडला जाऊन पोचलं.

रेल्वेचं क्वार्टर होतं. मागच्या दारातून लोखंडी खांबावरचा सिग्नल दिसायचा, तांबडा, आडव्या हातासारखा. योसेफ मालगाडीचे ड्रायव्हर. मनमाडहून कधी येतील, याचा काही नेम नसायचा. दयाबाई भाकरी थापत एक डोळा त्या हातावर ठेवायच्या. तो खाली पडला की गाडी आत यायची. मग चुलीवर चहाचं आधण चढायचं. काजळीनं माखलेलं ध्यान दारात उभं राहिलं की त्या खोट्या रागानं विचारायच्या, "किती लेट?" आणि योसेफ बूट काढत म्हणायचे, "आलो न्हवं?" भांडण तिथंच संपायचं. पुढं विजेचे सिग्नल आले, बढती आली, निवृत्ती आली, शिरूरला घर झालं. पण ते दोन खोल्यांचे दिवस दयाबाईंना राहून राहून आठवत. तेवढं सुख पुन्हा कुठल्या घरात मावलं नाही.

त्यांनी योसेफचा हात हातात घेतला. थंडगार होता. "देवा, मला अजून न्हाई सोडायचा हा माणूस," त्या पुटपुटल्या. दुसरी कुठली प्रार्थना त्यांना सुचेना.

दीड तासानं मशीन पुन्हा कुरकुरलं. स्नेहलनं दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. तिच्या तोंडावरून काहीच कळेना. दयाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला.

"आली, मावशी! रेघ खाली आली. निम्म्याच्याही खाली. उद्या पुण्याला अँजिओग्राफीला न्यायचंच आहे, पण आता घाई नाही."

रॉबिन भिंतीला टेकून रडायला लागला. दयाबाई मात्र उठल्या, पदर खोचला आणि विचारलं, "इथं चहा कुठं मिळंल, बाई?"

"मामांना आत्ता काही द्यायचं नाही हं."

"त्यांना न्हाई वो. सिग्नल पडला की आधण ठेवायचं, ही सवय हाय मला."

दारातल्या टपरीवरून कप घेऊन त्या परत स्टुलावर बसल्या. योसेफचे डोळे मिटलेले होते. ऐकू जाईल न जाईल, दयाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या.

"किती लेट?"

डोळे न उघडताच योसेफ म्हणाले, "आलो न्हवं?"