घमेल्याखालचा पाऊस

मित्रांनो, आधी थोडे लांब उभे राहा. मी एक जुना पर्जन्यमापक आहे, आणि माझ्या तोंडाशी कोणी वाकले की मला लगेच संशय येतो. उगाच नाही येत. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते, आणि माझे तोंड तर सदाच उघडे.

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड पत्र्याचे अंग, वर पितळी कडा, आत नरसाळे आणि त्याखाली बाटली, एवढाच माझा संसार. तपासणाऱ्याने माझ्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हटले, "हा खोटं बोलणार नाही." स्तुतीवर माझा फारसा विश्वास नाही, पण ही मी जपून ठेवली आहे.

मग मला डोंगरावरच्या एका वस्तीत आणून टपाल कार्यालयाच्या मागच्या अंगणात, तारेच्या कुंपणात, सिमेंटच्या ओट्यावर बसवले. शेजारी कपडे वाळत घालायची दोरी, पलीकडे टपालबाईंचे स्वयंपाकघर. पत्रांवर शिक्के मारणाऱ्या या बाईंकडेच माझी देखरेखही होती. रोज सकाळी त्या बाटली काढत, पाणी काचेच्या मापात ओतत, डोळा पाण्याच्या रेषेशी आणत आणि आकडा फोनवरून पाणीखात्याला कळवत. पाऊस नसला तरी येत. काही पडले नाही हेसुद्धा कळवावे लागते, असे त्या म्हणत.

मी मात्र सगळ्यांवर नजर ठेवून असे. दोरीवरच्या ओल्या चादरीचे थेंब माझ्यात उडतील का? कुंपणाशी घुटमळणाऱ्या कुत्र्याच्या मनात काय आहे? पोस्टमनला चूळ भरायला नेमके हेच अंगण का सापडते? चिमणी माझ्या कडेवर बसली तरी वाटे, हिला कोणी पाठवले?

आमच्या डोंगरावर पाऊस कमीच. पण पूर्वी तो थोडा थोडा, दिवसचे दिवस रेंगाळत पडे. जमीन पीत राही आणि वस्तीखालचा झरा उन्हाळाभर वाहे. अलीकडे त्याची चाल बदलली. महिनोन्‌महिने पत्ता नसतो आणि मग एखाद्या दुपारी असा कोसळतो की माझी बाटली भरून वाहू लागते. ते पाणी माती घेऊन उतारावरून पळून जाते. वर्षाची बेरीज मात्र जवळपास तेवढीच होते.

आणि खाते बघत असे ती फक्त बेरीज. ती ठरलेल्या रेषेच्या वर गेली की वस्तीला पाण्याचा टँकर नाही. एका वर्षी ती किंचित वर गेली. टँकर आला नाही. उन्हाळ्यात झऱ्याला करंगळीएवढी धार उरली आणि लोक मला बघून तोंड फिरवू लागले.

पुढच्या पावसाळ्यात काही तरी विचित्र सुरू झाले. पाऊस आला की माझ्यावर अचानक अंधार पडे. वर टपटप ऐकू येई, आत मात्र थेंब नाही. सर ओसरली की पुन्हा उजेड. सकाळी टपालबाई चिखल तुडवत येत आणि माझ्या बाटलीचा जेमतेम तळ ओला असे. त्या कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत राहत.

मला टँकरवाल्याचा संशय होता. टँकर सुरू झाला तर भाडे त्यालाच मिळणार. बाईंच्याही मनात तेच होते. तो पार्सल घ्यायला आला तेव्हा त्यांनी त्याला मागच्या दारीच गाठले.

"पाऊस पडताना तुम्ही या अंगणात येता का हो?"

"बाई, पाऊस पडताना मी टँकरखाली झोपतो. विचारा कुणालाही."

"मग अंगण ओलं आणि हा कोरडा कसा?"

"या डब्यालाच विचारा. सगळे त्याचंच ऐकतात."

तो हसत गेला. चोराच्या उलट्या बोंबा, असे मी मनात म्हटले.

पुढच्या सरीला टपालबाई शिक्का खाली ठेवून मागच्या दाराआड उभ्या राहिल्या. कुंपणाचे फाटक करकरले. माझ्यावर अंधार पडला.

"आई?" बाईंचा आवाज आला.

अंधार जरा हलला आणि मला दिसले. बाईंच्या सासूबाई माझ्यावर माती वाहायचे घमेले पालथे धरून, स्वतः नखशिखांत भिजत उभ्या होत्या. रोज हंडा घेऊन झऱ्यावर जाताना माझ्या ओट्यावरची पाने झाडणाऱ्या सासूबाई. मी चिमणीवरसुद्धा संशय घेतला होता, यांच्यावर नाही. मला फार वाईट वाटले.

"आई, आकडा खोटा निघाला तर माझी नोकरी जाईल."

"आणि खरा निघाला तर? मागच्या वर्षी खराच होता ना? हंडा भरेपर्यंत माझ्या पायांत गोळे येतात गं."

बाईंनी घमेले काढून घेतले. "आत चला, डोकं पुसा," एवढेच म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी खात्याला फोन केला आणि हे आमच्याच घरातून झाले, असे सरळ सांगून टाकले.

खात्याचे साहेब आले. त्यांनी माझी कड चाचपली, नरसाळे उलटेसुलटे केले, घमेल्याकडे पाहिले. माणूस माझ्यासारखाच संशयी, म्हणून मला आवडला.

"मागच्या वर्षी पाऊस पुरेसा आणि तक्रार पाण्याची," ते म्हणाले. "एक तर हा खोटा, नाहीतर तुम्ही."

सासूबाईंनी हंडा उचलला. "चला माझ्याबरोबर. हा भरायला किती वेळ लागतो ते बघा."

मी जागचा हलू शकत नाही. पुढचे सासूबाईंनी नंतर कुंपणाशी शेजारणीला सांगितले तेवढेच सांगतो, त्यात तिखटमीठ असणारच. साहेब झऱ्यावर आधी उभे राहिले, मग घड्याळ बघू लागले, मग दगडावर बसले, शेवटी बूट काढून बसले. हंडा काही भरेना. परतताना मात्र मी स्वतः पाहिले, तो हंडा साहेबांच्या खांद्यावर होता आणि थेंबही सांडू नये म्हणून ते जपून पाऊल टाकत होते.

"हा आणि तुम्ही, दोघंही खरं बोलताय," ते बाईंना म्हणाले. "आम्ही एकालाच विचारत होतो. झाकलेल्या दिवसांचे आकडे बाद होतील आणि तुम्हाला लेखी समज मिळेल, ती मला टाळता येणार नाही. पण यापुढे पाऊस किती वेळ पडला तेही कळवा. आणि झऱ्यावर हंडा भरायला किती वेळ लागतो, ते आजी मोजतील."

"माझ्यावर भरवसा ठेवणार?" सासूबाईंनी विचारले.

"नाही. मधूनमधून सूनबाई बघायला येतील."

एका घरगुती हंड्याला माझ्या पंगतीला बसवले, हे मला झोंबले. पण त्या उन्हाळ्यात टँकर आला. उशिरा आला, रोज आला नाही, तरी आला. हंडा बोलला म्हणून आला, हे मला कबूल करावेच लागते.

मित्रांनो, माझ्या नरसाळ्यातली पाने काढत जा, कडेला पोचा पाडू नका, तोंडावर काही झाकू नका. माझ्यावर विश्वास ठेवा, पण फक्त माझ्यावर नको. मी पडलेला पाऊस सांगतो. मुरलेला मला कळत नाही, तो झऱ्याला जाऊन विचारा.

परवा भर दुपारी सर आली. फाटक करकरले आणि सासूबाई घमेले घेऊन आत आल्या. त्या माझ्या अगदी जवळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते घमेले स्वतःच्या डोक्यावर पालथे घातले. सर कधी सुरू झाली, कधी थांबली, हे त्यांना सुनेला सांगायचे होते. ती थांबेपर्यंत मी त्यांच्यावरची नजर काढली नाही. त्यांनीही माझ्यावरची काढली नाही.