भूपेंद्रभाऊंचं बंगाली

भूपेंद्रभाऊंना बंगाली येतं, ही गोष्ट जळगावच्या सराफ बाजारात भूपेंद्रभाऊंनीच पसरवली होती. बावीस वर्षं एका पेढीवर मॅनेजर म्हणून काढताना बंगाली कारागिरांकडून त्यांनी पाच-पन्नास शब्द उचलले होते. 'केमोन आछो', कसा आहेस, म्हणत कारागिराच्या पाठीवर थाप मारायची आणि गिऱ्हाईक ऐकतंय ना ते बघायचं, एवढीच त्यांची हौस.

म्हणून बुधवारी दुपारी फौजदार संघपाल यांनी रेल्वे स्टेशनावरून फोन केला, तेव्हा भाऊ खुशीतच निघाले.

सकाळी धुळ्यात सुकदेव सोनाराचा खून झाला होता. सगळी गल्ली त्यांना 'दादा' म्हणायची. त्यांच्याकडचा तपन नावाचा कारागीर सोनं घेऊन पसार होता. बारीक अंगाचा, हिरवा शर्ट, बोटांवर भाजल्याचे डाग. तसाच एकजण हावड्याच्या गाडीसाठी फलाटावर उभा सापडला, खिशात धुळ्याच्या एसटीचं तिकीट. ओळखपत्र जवळ नाही, हिंदी कळत नाही. नाव विचारलं तर 'शॉपोन' असं काहीतरी म्हणाला. हवालदाराने तपन लिहून घेतलं.

"भाऊ, दादाचं काय झालं ते फक्त विचारा त्याला," संघपाल म्हणाले.

पोरगा विशी-बाविशीचा असेल. भाऊंनी तोडकंमोडकं बंगाली उच्चारताच त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले त्याचे. मग तो इतक्या घाईने बोलायला लागला की भाऊंना काहीच कळेना. टेबलावर त्याचा मोबाईल सारखा वाजत होता. पडद्यावर बंगाली अक्षरं.

"साथीदार असेल," संघपाल म्हणाले. कुणी उचलला नाही.

"दादा?" भाऊंनी विचारलं. "दादा की होलो?"

"दादा मारा गेछे," पोरगा म्हणाला. "आमार दादा मारा गेछे. आमि चोले एशेछि."

हे मात्र भाऊंना लख्ख कळलं. निदान त्यांना तसं वाटलं. एकदा मनात आलं, पुन्हा विचारावं. पण चार पोलीस तोंडाकडे बघत उभे होते.

"दादाला मारलं म्हणतो, आणि निघून आलो म्हणतो."

संघपालनी सुस्कारा सोडला. धुळ्याला फोन गेला, बाकीच्या गाड्यांची झडती थांबली. पोराला धुळ्याच्या जीपकडे नेताना तो मागे वळून भाऊंकडेच बघत होता, यांनी आपलं सांगितलंय आता, अशा भरवशाने. रात्री जेवताना भाऊंनी बायकोला, चारुलताला, सगळी हकीगत रंगवून सांगितली.

सुकदेवदादांच्या पत्नी सुनंदाबाई धक्क्याने दवाखान्यात होत्या. शनिवारी त्यांना ओळख पटवायला आणलं. त्यांनी पोराकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हाऊ तो नही शे. याले मी कधी देखेल नही."

मग पोलिसांनी गल्लीतल्या एका जुन्या बंगाली कारागिराला बोलावलं. पाच मिनिटांत सगळा उलगडा झाला. पोराचं नाव स्वपन. दुसऱ्याच कारखान्यात पंधरा दिवसांपूर्वी आलेला. कागद मुकादमाकडे. बुधवारी सकाळी गावाहून फोन आला होता, थोरला भाऊ गेला.

"त्यांच्यात मारा गेछे म्हणजे वारला, भाऊ," संघपाल फोनवर म्हणाले. "आणि दादा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ." आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "दुसरा कुणी मदतीला घ्यायला हवा होता. चूक माझीपण आहे. तुमचा नवा जबाब लागेल."

भाऊ रविवारी पहिल्या एसटीने धुळ्याला गेले. जबाबात त्यांनी लिहिलं, 'मला बंगाली भाषा येत नाही.' लिहिताना पेन दोनदा अडकला. खरा तपन तेव्हा कुठे होता, कुणालाच माहीत नव्हतं.

बाहेर पायरीवर स्वपन बसला होता, शेजारी तो जुना कारागीर. अंगावर तोच हिरवा शर्ट. घरच्यांनी एक दिवस वाट पाहिली, कारागीर सांगत होता, मग शेजाऱ्यांनी अग्नी दिला. त्या दिवशीचे फोन वहिनीचे होते.

भाऊंनी हात जोडले. आणलेलं रेल्वेचं तिकीट पुढे केलं. स्वपनने ते घेतलं नाही. कारागिराला हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"तो विचारतोय," कारागीर हिंदीत म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही साहेबांना सांगितलं होतं ना, की याचा भाऊ गेलाय? मग त्यांनी का नाही सोडलं?"

हो म्हणता आलं असतं.

"नाही," ते म्हणाले. "मी भलतंच सांगितलं. मला कळलंच नव्हतं."

कारागिराने दोन-तीन शब्दांत ते स्वपनला सांगितलं. स्वपनने भाऊंकडे एकदा बघितलं, पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडून रिक्षांकडे चालू लागला. भाऊ तिकीट हातात धरून तिथेच उभे राहिले.