बैलाची दवा

खुशालने फाटक ढकलले तेव्हा परसराम ओसरीवर उकिडवा बसून पिंजऱ्यातल्या उंदराची शेपटी काडीने दाबत होता. उंदीर हलत नव्हता. बाजूला औषधाची कुपी होती. खुशाल सकाळपासून वरठीच्या गुरांच्या दवाखान्यात तीच शोधत होता.

आदल्या दिवशी परसरामच्या बैलाचे सडलेले शिंग कापायला डॉक्टर आले होते. सोबत मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून खुशाल. सुई टोचताच बैल मान टाकून लाळ गाळत उभा राहिला. आवराआवरीत कुपी आणि सिरिंज इथेच राहिली.

"मेला का गा?" खुशालने उंदराकडे पाहत विचारले.

"नाही. पयले झोकांड्या खाल्ल्या, मंग पडला. मांजर समोर येऊन बसली, तरी भेला नाही."

"उंदरावर दवा कायले पाहून राहिला?"

"उंदराले एवढी लागली. मले किती लागन, तो हिशोब लावतो."

खुशाल जवळ सरकला. परसरामची बायको बायजाबाई जाऊन महिनाच झाला होता.

"तसा हिशोब नाही होत, भाऊ. बैलाले थोडी पुरते, उंदराले त्याच्या मानानं लय लागते. उंदरावरून माणसाचं धरशीन त मरशीन."

परसरामने काडी खाली ठेवली नाही.

"आन् ही झोप नाही," खुशाल म्हणाला. "मेंदूत एक रस ऱ्हायते, जागं ठेवते, भेव घालते. डाक्टर सायेब म्हणत, हे दवा तोच अडवते."

"मले झोप नाही पायजे. भेवच जावाले पायजे."

"कायचं भेव?"

"दिवा लावाचा टाइम झाला का घरात जावाचं."

खुशालने कुपी उचलली. तळाला जेमतेम ओल होती. सिरिंज कुठेच दिसत नव्हती.

"बाकीची?"

"सांडली."

ओसरी कोरडी होती. खुशालने पिंजऱ्यात बोट घालून पाहिले. उंदीर गार होता, पोट मात्र हळूहळू वरखाली होत होते. त्याने पिंजरा उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात सरकवला.

"जा ना बापा. सायकलनं अंधार होईन," परसराम म्हणाला.

"चहा नाही पाजत का? वहिनी असती त असं जाऊ देली असती?"

परसराम उठला. दारापर्यंत गेला आणि चौकट धरून उभा राहिला.

खुशाल त्याच्या बाजूने आत शिरला. चुलीपाशी चाचपडत म्हणाला, "आगपेटी कुठं ठेवते गा?"

मागे पावले वाजली. परसरामने बंडीच्या खिशातून काचेची भरलेली सिरिंज काढून चुलीच्या ओट्यावर ठेवली, आणि वरच्या कोनाड्यात हात घातला.

"तिनं इथं ठेवली हाये," तो म्हणाला.