एका सहीसाठी कोंडलेली कुदळ

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे, आणि सध्या जंगलखात्याच्या अडगळीच्या खोलीत कोंडलेली आहे. माझ्या दांड्याला तारेने एक चिठ्ठी बांधली आहे, ‘जप्त माल’. शेजारी एक मोडकी सायकल आणि एक गंजकी करवत. दोघीही घुम्या. दार आठ-आठ दिवस उघडत नाही.

लोहाराने मला घडवलं शेतासाठी, पण माझी मालकीण मला डोंगरावर घेऊन गेली. तिला सगळे थोरली काकी म्हणतात. लाकडाच्या ठेकेदाराने झाडं तोडून तो डोंगर पार बोडका केला होता. उरले होते नुसते खुंट. काकीने आणि वस्तीतल्या वीस आदिवासी बायकांनी डोंगर राखायची परवानगी जंगलखात्याकडून मिळवून तिथे पुन्हा रान उभं करायचा चंग बांधला. काकी म्हणायची, खुंट वरून मेलेला दिसतो, पण खाली मुळं जिवंत असतात. म्हणून आम्ही प्रत्येक खुंटाच्या चढाकडच्या बाजूला हातभर चर खणायचो. पाणी तिथेच थांबून मुरायचं. तीन वर्षांत चारशे खुंटांना धुमारे फुटले. बायका माझं कौतुक करायच्या आणि मी आपली फुशारून जायची.

मग नवे गार्डसाहेब आले. आम्हाला खणताना पाहून त्यांना वाटलं, ह्या बाया खुंटच उपटून सरपणाला नेतायत. झालं, माझी उचलबांगडी थेट इथे.

काल काकी आली. कारकुनाने खोलीचं दार उघडलं आणि तिच्यापुढे कागद सरकवला. ‘आम्ही खुंट उपटत होतो’ यावर सही केली की कुदळ परत. मात्र तशी सही झाली, तर डोंगर राखायची बायकांची परवानगी रद्द होणार, हेही त्यानेच सांगितलं.

खरं सांगते, मला वाटलं, कर गं बाई सही. इथे माझा जीव घुसमटतो.

काकीने मला उचललं. तळव्याने गंज पुसला आणि परत भिंतीला टेकवून ठेवलं.

“कुदळ माझीच आहे, साहेब. पण जे केलं नाही, ते मी लिहून देणार नाही.”

बाहेरून कुलूप लागलं. तिचा इतका राग आला मला! दिवसभर धुसफुसत होते. मग मनात आलं, आता काकी हातांनीच माती उकरत असेल. तिची नखं आठवली आणि माझा राग विरघळला.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं अवजार कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याला तेल लावा, हाती घ्या. आणि कधी त्या डोंगरावर गेलात, तर काकीला माझा निरोप द्या. म्हणावं, माझ्यासाठी सही करू नकोस.