बेचक्यातला ठिपका

बियाणे केंद्रातले माळीकाका हट्टाला पेटले की कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. तीन हंगाम निवडून निवडून त्यांनी जांभळ्या फुलांच्या वाटाण्याचं एक झाड काढलं होतं. टपोऱ्या शेंगा, रोगाचं नाव नाही. त्याचं बी शुक्रवारी ‘शुद्ध वाण’ म्हणून मोठ्या शेतात जायचं होतं. शिक्का मारायचा होता त्यांच्याच पुतणीने, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

काका तिला चिमणी म्हणत. ती एका जागी बसेल तर शपथ. जांभळा रंग पांढऱ्याला झाकतो, तेव्हा वरून जांभळं झाड आत पांढरं दडवूनही असू शकतं, ही शंका तिला स्वस्थ बसू देईना. म्हणून तिने त्या झाडाच्या काही कळ्या आधीच उघडून चिमट्याने पुंकेसर काढले आणि पांढऱ्या फुलाचे पराग लावले. झाड शुद्ध असेल तर सगळी रोपं जांभळी. नसेल तर साधारण निम्मी पांढरी. फुलांची वाट बघायचीही गरज नव्हती. जांभळ्या रोपाच्या पानाच्या बेचक्यात लहानपणीच ठिपका उमटतो.

त्या शेंगांतलं बी तिने आठ कुंड्यांत लावलं, एकेकीत एकच रोप. मंगळवारी चार रोपांवर ठिपके आले, बाकीची अजून कोवळी. चिमणी दर तासाला भिंग घेऊन वाकायची, उठायची, पुन्हा वाकायची. काका लांबूनच म्हणायचे, “अगं, बघून बघून सुकवशील त्यांना!”

गुरुवारी सकाळी टेबलावर पाचच कुंड्या होत्या. पाचही ठिपकेवाल्या. काकांना शोधत ती धावत शेडमागे गेली. काका पायरीवर बसले होते, पुढ्यात तीन कुंड्या. तिन्ही रोपं हिरवीगार, बेचक्यात काही नाही.

“उपटणारच होतो,” काका म्हणाले. “हात घातला, पण उपटवेना.” मग एकदम उसळून, “तुझाच चिमटा चुकला असेल! झाडाचे स्वतःचेच पराग लागले असतील.”

“लागले असतील,” चिमणी म्हणाली. “पण काका, स्वतःच्या परागातून जरी पांढरं निघालं, तरी ते त्याच्याच पोटातलं ना?”

काकांनी तिन्ही कुंड्या पायरीच्या कडेला सरकवल्या. ती येरझाऱ्या घालत राहिली.

“मग आता?” काकांनी विचारलं.

“त्याच झाडाचं बी लावायचं. चारात एक पांढरं येईल, ते बाजूला. उरलेल्या तीन जांभळ्यांत एकच शुद्ध.”

“कुठलं ते कसं ओळखायचं?”

“बघून नाही कळत. प्रत्येकाचं बी वेगळं ठेवून पुन्हा लावायचं. ज्याची सगळी पोरं जांभळी, ते शुद्ध.”

“म्हणजे अजून दोन हंगाम.”

“निदान.”

काका उठले, गुडघे चोळले आणि मोठ्या शेताच्या मुकादमाला फोन लावला. “उद्याची पेरणी थांबव. का म्हणजे? माझं झाड अर्धं पांढरं निघालं, म्हणून!” फोन ठेवून ते तिच्यावर खेकसले, “उभी काय राहिलीस? बियांची पाकिटं आण. आणि वर आकडे मोठे घाल, मला दिसत नाहीत.”