राखून ठेवलेलं नाव

आमच्या तन्वीचं नाव मी ठेवलं. तो आत्याचा मान असतो, आणि मला आयुष्यात मिळालेला तेवढाच एक मान, म्हणून मी तो सारखा मिरवत असते. बारशाच्या दिवशी पाळण्यात वाकून तिच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं, मागे उभ्या असलेल्या बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाधप धपाटे घातले, आणि त्या एवढ्याशा पोरीने माझे केस असे मुठीत धरले की मला सरळ होता येईना. शेवटी कौमुदीवहिनीने तिचं एकेक बोट उलगडून माझी सुटका केली. सगळ्या बायका हसल्या होत्या.

ती तन्वी आता सोळा वर्षांची आहे आणि आयर्लंडमध्ये लेटरकेनीला राहते. माझा भाऊ नंदकुमार तिथे डॉक्टर आहे. मी लिमरिकला, वैद्यकीय उपकरणांच्या फॅक्टरीत क्वालिटी बघते, म्हणजे दिवसभर लोकांच्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. ऑगस्टमध्ये तन्वीचा फोन आला. मराठी तिला सगळं समजतं, पण बोलते इंग्रजीत, तेही तिकडच्या, डोनेगलच्या हेलात. तो हेल लिहिणं मला जमायचं नाही, म्हणून मराठीतच सांगते.

“आत्या, शनिवारी आमची जागा उघडतेय. डब्लिनहून बस भरून टूरिस्ट येतायत. तू यायचंच. आणि मॅमला घेऊन ये. माझ्यासाठी ती येणार नाही.”

मॅम म्हणजे कौमुदीवहिनी. आणि जागा म्हणजे खाडीकाठच्या एका शेताचा कोपरा. तन्वीने आणि तिच्या शाळेतल्या पोरापोरींनी काटेरी झुडपं तोडून तिथली जुनी दफनभूमी मोकळी केली होती. लहान बाळांची. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच जी बाळं जात, त्यांना पूर्वी चर्चच्या आवारात जागा मिळत नसे. मग बापच त्यांना अशा आडबाजूला पुरून येत आणि खूण म्हणून वर एक पांढरा दगड ठेवत. त्यावर नाव नाही, काही नाही.

वहिनी तिकडे का फिरकत नाही ते मला पक्कं ठाऊक होतं. दहा वर्षांपूर्वी तिला दुसरी मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली. मी बारशासाठी चांदीची वाटी घेतली होती, नाव ठरवून ठेवलं होतं. रीतीप्रमाणे कुणाला सांगितलं नव्हतं. इतक्या लहान जिवाला आपल्याकडेही जाळत नाहीत. लेटरकेनीतल्याच दफनभूमीत, लहान मुलांच्या कोपऱ्यात तिला ठेवलं. बारसं झालंच नाही, म्हणजे नावही नाही. दादा अधूनमधून तिथे जाऊन येतो. वहिनी कधीच गेली नाही, आणि त्या बाळाबद्दल पुन्हा एक शब्द बोलली नाही. तिने बोलावं, रडावं, निदान माझ्या अंगावर ओरडावं, एवढीच माझी इच्छा होती. दहा वर्षांत ती पुरी झाली नव्हती.

मी दोन दिवस आधीच लेटरकेनीला पोचले, आणि गुरुवारी तन्वी मला जागा दाखवायला घेऊन गेली. शेताचा मालक ह्यूई नावाचा म्हातारा फाटकापाशी उभा होता. त्याने टोपी काढली, आम्हाला वाट दिली, पण स्वतः आत आला नाही. बाहेर चांगला वारा होता. आत मात्र गवताचं पातं हलत नव्हतं. छोटे छोटे पांढरे दगड, पोरांनी घासून स्वच्छ केलेले, आणि मधून टूरिस्टांसाठी खडीची पायवाट.

“बोर्डावर काय लिहू, आत्या?” तन्वी म्हणाली. “इथे लोक बोटींनासुद्धा नावं देतात. यांनाच नाही.”

पोरीचा चेहरा इतका पडला होता की मला राहवलं नाही. तिला हसवावं म्हणून मी म्हटलं, “एवढंच ना? मग आत्या कशाला आहे!” आणि जवळच्या दगडाशी वाकून तोंड नेलं. “कुर्रर्र... परेश!”

पाठीत धपाटा बसला.

“तन्वे, लागलं ना गं!” म्हणत मी वळले. तन्वी तिकडे लांब, कुंपणापाशी बोर्डाचा खांब सरळ करत होती. “काय झालं?” तिने विचारलं. मी काही नाही म्हटलं. गाडीत बसेपर्यंत मी मागे बघितलं नाही.

संध्याकाळी वहिनी म्हणाली, “सुरुची, खालच्या प्रेसमधून कुकर दे गं.” इथल्यासारखं तीही कपाटाला प्रेस म्हणायला लागली आहे. मी वाकले. धप्प. पाठीमागे फक्त फ्रीज होता. दुसऱ्या दिवशी बुटाची लेस बांधायला वाकले, तेव्हा दोनतीन बसले. डिशवॉशर भरताना तर किती ते कळलंच नाही. जोर फारसा नव्हता, पण थांबत नव्हते. मी बाई वाकायचंच सोडून दिलं. पेन पडलं तर पडू दे.

शनिवारी सकाळी वहिनीने मला पकडलं. “अशी ताठ का चालतेस? पाठ दाखव बघू.” बाम घेऊन ती मागे बसली, टॉप वर केला आणि तिचा हात थांबला.

“कुणी मारलं तुला?”

आरशात मी वळून बघितलं. पाठभर लालसर पंजे उमटले होते. एकेक पंजा सुपारीएवढा, पाचही बोटं स्पष्ट. तेवढे हात किती दिवसांच्या बाळाचे असतात हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही उठून खोलीचं दार लावून घेणार. वहिनी बामची ट्यूब हातात धरून बसून राहिली.

“एकाचंच ठेवलंस?”

“गंमत म्हणून गं.”

“गंमत म्हणून!” ती एवढ्या जोरात ओरडली की मी दचकले. “एकाला नाव दिलंस आणि बाकीच्यांना तसंच टाकून आलीस? ती घाई करतायत तुला, कळत नाही? ऊठ. बस यायच्या आत जाऊ.” आणि तिने कोट घातला. खरं सांगते, मला भयंकर भीती वाटत होती, आणि आनंदही झाला होता.

फाटकापाशी तन्वी फीत बांधत होती. आईला बघून तिच्या हातातली कात्री तशीच राहिली. वहिनी तिच्या गालाला हात लावून आत शिरली.

मी एकेका दगडाशी वाकत गेले. कुर्रर्र, विद्या. कुर्रर्र, इंद्रनील. आपली नावं आठवेनाशी झाली तेव्हा फॅक्टरीतल्या माझ्या शिफ्टची सगळी नावं वाटून टाकली, डोनल, शिवॉन, ब्रीजिद, ज्यांच्याशी माझं पटत नाही त्यांचीसुद्धा. सुरुवातीला पाठीवर नुसता पाऊस पडत होता. मग एकेक हात कमी होत गेला. ज्याला नाव मिळालं तो गप्प होत होता.

शेवटच्या दगडाशी वाकले. आता धपाटा घालायला मागे कुणी उरलं नव्हतं. तरी नाव उच्चारल्यावर एक बसला, अगदी हलका.

“वहिनी,” मी म्हटलं, “अजून एक आहे.”

ती तिथेच गवतावर खाली बसली आणि मांडी घातली. कोट मांडीवर सारखा केला, दोन्ही हात खाली धरले, मान सांभाळायला धरतात तसे.

“तू तेव्हा ठरवलेलं नाव आत्ता कुणाला देऊन टाकलंस का?”

“नाही. तेवढं राखून ठेवलंय.”

“मग ठेव की,” वहिनी म्हणाली, आणि रडायला लागली.

मी गुडघ्यांवर बसले. तिच्या रिकाम्या मांडीवर वाकले, कुर्रर्र केलं आणि ते नाव सांगितलं. या वेळी पाठीत काहीच बसलं नाही. रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज आला, माणसं उतरायला लागली. मी उठायला गेले आणि मला सरळ होता येईना.

माझ्या केसांची एक बट खाली, तिच्या मांडीकडे, ताठ ओढली गेली होती.

कुंपणापाशी तन्वीने तोंडावर हात ठेवला. वहिनीने ती बट बघितली. मग हात पुढे करून, जिथे काहीच नव्हतं तिथे, एकेक बोट हळूच उलगडायला सुरुवात केली. एक सुटलं, दुसरं सुटलं, तिसरं, चौथं.

शेवटचं बोट तिने सोडवलं नाही.