किन्नूबाबांचा भगवा कपडा

चंदीगडच्या सेक्टर ३४ मधल्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. किन्नूबाबांनी त्रिशुळाच्या टोकानं दोन किन्नूंना, म्हणजे इकडच्या संत्र्यांना, भोकं पाडली. एक भगव्या कपड्यानं पुसून मंतरलं, दुसरं तसंच ठेवलं. मग गेल्या रविवारची जोडी वर धरली. मंतरलेलं स्वच्छ, दुसऱ्यावर हिरवीगार बुरशी.

"जो फल का, वही आपके ज़ख़्म का. दवाई छोड़ो, विश्वास पकड़ो."

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि नेत्राच्या पोटात दुखायला लागलं. काढणीनंतर फळांवर येणारी बुरशी वनस्पतींच्या तेलांनी रोखायची, चार वर्षं ती विद्यापीठात हेच तर करत होती. तिच्या व्याख्यानाला अकरा जण आले, त्यातले तिघे समोशांसाठी. आणि या बुवाला सिंहासन!

तिच्याबरोबर आलेल्या, शेजारी राहणाऱ्या सरलाकाकूंनी हात जोडले होते. मधुमेहामुळे त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती, आणि उद्यापासून इन्सुलिन, ड्रेसिंग सगळं बंद करायचं त्यांनी ठरवलं होतं.

प्रसाद घेताना बाबांचा कपडा नेत्राच्या नाकाशी आला. लवंगेचं तेल. ती प्रयोगात वापरायची तेच.

"काकू, सहा दिवस द्या. तोवर औषध सोडायचं नाही."

"तुला बाबांचं बघवत नाही, नेत्रा."

"नाहीच बघवत. जळतेय मी. पण सहा दिवस द्या."

काकूंच्या ओट्यावर चार किन्नू मांडली. नेत्रानं बुरशी लागलेल्या सुईनं चारही टोचली, त्यातली दोन काकूंनी स्वतः लवंगेच्या तेलानं पुसली. शनिवारी ती दोन स्वच्छ होती, बाकीची हिरवी.

"मंत्र कोणी म्हटला, काकू?"

काकूंनी तेलाची बाटली उचलली. "मग हे तेल पायाला लावू?"

"अजिबात नाही. हे सालीवरच्या बुरशीचं औषध. पायाचं डॉक्टरांकडे."

रविवारी काकू लंगडत व्यासपीठाशी गेल्या आणि घरचा धुतलेला रुमाल पुढे केला. "बाबाजी, आज इससे पोंछिए."

"रूमाल अशुद्ध है," बाबा पुटपुटले.

"तो अपना कपड़ा सबको सूंघने दीजिए."

कुणीतरी कपडा ओढलाच. तो रांगेरांगेतून फिरला आणि सगळ्यांना दाताच्या दवाखान्याची आठवण झाली. बाबा मागच्या दारानं सटकले.

"विश्वास बाद में," काकू लोकांना म्हणाल्या, "पहले पूछो, कपड़े पर लगा क्या है. और दवाई मत छोड़ो."

टाळ्या पडल्या त्या काकूंना. मेहनत कुणाची आणि कौतुक कुणाचं, नेत्रा पुन्हा जळली. तशीच जळत तिनं ऑटो थांबवली आणि काकूंना ड्रेसिंगला घेऊन गेली.